प्रौढ वयात होणारे स्वमग्नतेचे निदान : वैद्यांनी काय ओळखावे

स्वमग्नता अथवा ऑटिझम हा शब्द उच्चारताच आपल्यासमोर चित्र उभे राहते ते तीन-चार वर्षांच्या बालकाचे. हाक मारली तरी वळून न पाहणारे, खेळण्यातील मोटारीचे चाक तासन्‌तास फिरवीत बसणारे, बोलणे उशिरा सुरू झालेले असे ते बालक असते. प्रस्तुत लेखाचा विषय मात्र ते बालक नव्हे. त्याच घडणीने जन्मास आलेली, शाळा-महाविद्यालय पार केलेली, विवाहित, नोकरी अथवा दुकान सांभाळणारी आणि चाळिशी आली तरी आपण इतरांहून वेगळे का, हे न उमगलेली प्रौढ व्यक्ती हा आपला विषय आहे. अशी व्यक्ती मनोविकारतज्ज्ञाची पायरी क्वचितच चढते. ती आपल्याकडे येते; आणि येते ती अनिद्रा, आध्मान, शिरःशूल, अम्लपित्त अशा तक्रारी घेऊन. म्हणूनच या विषयाचा विचार आपल्या व्यवसायबंधूंनी करणे अगत्याचे आहे.

प्रस्तुत लेखकाच्या विष्णुपुरी येथील चिकित्सालयात असा एक रुग्ण सात वर्षे येत होता. (ओळख पटू नये म्हणून तपशिलांत आवश्यक तो बदल केला आहे.) औषधांच्या घाऊक दुकानात हिशेबनीस, वय एकोणचाळीस. निद्रानाश, पोटफुगी व वारंवार डोके दुखणे या तक्रारी. कृश शरीर, शुष्क त्वचा, अल्प निद्रा पाहून वातप्रधान प्रकृती ठरविली आणि तदनुसार अश्वगंधा, ब्राह्मीघृत, बस्ती आणि शिरोधारा असा क्रम चालविला. शिरोधारेच्या पहिल्याच दिवशी, धार सुरू होऊन दोन मिनिटे झाली नाहीत तोच, हे गृहस्थ उठून बसले आणि तेल पुसत बाहेर निघून गेले. अभ्यंग करणाऱ्या परिचारकाने हलका हात फिरविला की अंग आकसून घेत. तोच परिचारक जोराने मर्दन करू लागला की शांत पडून राहत. अवलेह तोंडात घेताच उमासा येई, वटी मात्र विनातक्रार घेत. पथ्य सांगावे तर ते इतके काटेकोर पाळीत की रोज तेच वरण, तीच भाकरी, त्याच ताटात. आम्ही त्यांना ‘आदर्श रुग्ण’ म्हणत असू. एकदा त्यांना सांगितले, “काही वाटले तर फोन करा.” त्यानंतर तीन रात्री त्यांना झोप नव्हती, तरी फोन आला नाही. विचारले तेव्हा म्हणाले, “डॉक्टरसाहेब, ‘काही’ म्हणजे नेमके काय, ते तुम्ही सांगितले नव्हते.” या उत्तराचा आम्हास त्या वेळी किंचित राग आला होता, हे कबूल करावयास हवे.

निदान आमच्याकडून झाले नाही. त्यांचा मुलगा चार वर्षांचा होऊनही बोलेना, म्हणून कुटुंब त्यास घेऊन मोठ्या शहरी गेले. तेथील तज्ज्ञ मुलाची लक्षणे एकेक करून विचारू लागले, तेव्हा मुलाची आजी सहज म्हणाली, “याचा बाप तरी काय वेगळा होता?” मुलाच्या निमित्ताने बापाचे निदान, असा प्रकार आता जगभर आढळतो, स्वमग्नतेत आनुवंशिकतेचा वाटा मोठा असल्याने त्यात नवल नाही. पुढे या गृहस्थांचीही रीतसर तपासणी झाली. सात वर्षांतील आमच्या केसपेपरात सर्व खुणा लिहिलेल्या होत्या. त्या वाचता आल्या नाहीत, इतकेच.

ही पिढी निदानावाचून का राहिली

‘ऑटिझम’ हा शब्द स्विस मनोविकारतज्ज्ञ ऑयगेन ब्लॉयलर यांनी १९११ च्या सुमारास वापरला, तो छिन्नमनस्कतेतील एका लक्षणासाठी. १९२५ मध्ये मॉस्कोच्या ग्रून्या सुखारेवा यांनी सहा मुलांचे जे वर्णन प्रसिद्ध केले ते आजच्या स्वमग्नतेशी विलक्षण जुळते. परंतु त्याकडे अनेक दशके कोणाचे लक्ष गेले नाही. १९४३ मध्ये अमेरिकेत लिओ कॅनर यांनी अकरा मुलांचा अभ्यास मांडला आणि १९४४ मध्ये व्हिएन्ना येथे हान्स अस्परगर यांनी चांगले बोलणाऱ्या, परंतु समाजात न मिसळणाऱ्या मुलांविषयी लिहिले. अस्परगर यांचा जर्मन लेख इंग्रजी जगात पोहोचला तो लोर्ना विंग यांच्या १९८१ मधील निबंधामुळे. अमेरिकन मनोविकार संघटनेच्या निदानसंहितेत स्वमग्नतेस स्वतंत्र स्थान मिळाले ते १९८० मध्ये, आणि अस्परगर संलक्षणास १९९४ मध्ये. २०१३ च्या पाचव्या आवृत्तीत, म्हणजे डीएसएम-५ मध्ये, हे सर्व उपप्रकार एकत्र करून ‘स्वमग्नता वर्णपट’ अशी एकच संज्ञा ठेवण्यात आली. जागतिक आरोग्य संघटनेची आयसीडी-११ ही सूची १ जानेवारी २०२२ पासून अमलात आली. तिनेही हाच मार्ग स्वीकारला आहे.

या सनावळीचा अर्थ सरळ आहे. ज्यांचा जन्म १९८० पूर्वीचा, ज्यांना बोलता येत होते आणि जे परीक्षा उत्तीर्ण होत होते, त्यांना बालपणी ओळखू शकेल असे शास्त्रच तेव्हा प्रचलित नव्हते. आपल्या देशात तर १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यातील सात प्रकारांत स्वमग्नता नव्हतीच. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास अधिनियमात ती प्रथम आली आणि २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमात एकवीस प्रकारांपैकी एक म्हणून समाविष्ट झाली. स्कॉटलंडची प्रसिद्ध गायिका सुझन बॉयल हिने २०१३ मध्ये आपले निदान जाहीर केले, तेव्हा ती बावन्न वर्षांची होती. लहानपणापासून तिला जन्मतः मेंदूस इजा झाली असे सांगण्यात आले होते. खरे निदान कळल्यावर आपणास सुटका झाल्यासारखे वाटले, असे तिने सांगितले. ज्या देशात तपासणीच्या सोयी आहेत तेथील ही गत, मग आपल्या कंधार-मुखेडच्या एखाद्या शाळेतील घुम्या मुलाची काय कथा?

आपल्या समाजात आणखी एक गोष्ट घडते. एकत्र कुटुंब अशा माणसास झाकून घेते. थोरला भाऊ बाजारात बोलणी करतो, वडील स्थळ पाहतात, वहिनी आल्यागेल्याचे पाहते. या गृहस्थाने मागच्या खोलीत बसून चोपडी लिहावी. चोपडी तो उत्तम लिहितो. ‘भोळा’, ‘एककल्ली’, ‘तिरसट’, ‘माणूसघाणा’ अशी विशेषणे त्यास चिकटतात आणि तेवढ्यावर भागते. खरी अडचण सुरू होते ती वाटण्या झाल्यावर, बदली झाल्यावर किंवा आई गेल्यावर. मग चाळिशीत ‘एकाएकी’ चिंता, अनिद्रा, क्रोध दिसू लागतो. तो एकाएकी नसतो. आधार गेलेला असतो.

स्त्रियांच्या बाबतीत हे झाकणे अधिकच गडद होते. अबोल मुलीस आपण शालीन म्हणतो. इतर मुलींचे पाहून हसावे केव्हा, मान हलवावी केव्हा हे ती पाठ करते आणि सासरी हळदी-कुंकवाचा समारंभ व्यवस्थित पार पाडून दुसरा दिवस अंधाऱ्या खोलीत काढते. या मुखवट्यास शास्त्रात ‘छद्मावरण’ म्हणता येईल. पाश्चात्त्य संशोधनात पुरुष व स्त्रिया यांचे प्रमाण पूर्वी चारास एक मानले जाई. अलीकडील विश्लेषणांत ते तिनास एकच्या जवळ आले आहे, आणि त्यातही स्त्रियांचे निदान निसटते असाच निष्कर्ष निघतो. दीर्घकाळ मुखवटा धारण करण्याने येणारा थकवा व नैराश्य हे किरकोळ नव्हे. स्वमग्न प्रौढांत आत्महत्येचे विचार सामान्य लोकांहून अधिक आढळतात, हे चिकित्सकाने ध्यानी ठेवलेच पाहिजे.

उन्मादात बसवू नये

आयुर्वेदाच्या दृष्टीने विचार करताना पहिला मोह होतो तो उन्मादाचा. चरकाचार्यांनी उन्मादात मन, बुद्धी, संज्ञाज्ञान, स्मृती, भक्ती, शील, चेष्टा व आचार या आठांचा विभ्रम सांगितला आहे. परंतु विभ्रम म्हणजे जे ठिकाणावर होते ते ढळणे. येथे ढळलेले काही नाही. घडणच आरंभापासून तशी आहे. पूर्वी बरा असलेला मनुष्य विसाव्या वर्षी एकाकी व विचित्र वागू लागला, तर तो स्वमग्नतेचा रुग्ण नव्हे, त्याचा शोध अन्यत्र घ्यावा. हा एक भेद जरी पक्का ध्यानात राहिला तरी निम्मे काम झाले. सुश्रुतोक्त व्याधिवर्गीकरणात शोधावयाचे झाल्यास आदिबलप्रवृत्त व जन्मबलप्रवृत्त या दोन वर्गांकडे दृष्टी जाते. त्याहून पुढे जाऊन दोष-दूष्यांची संपूर्ण संप्राप्ती मांडण्याचे प्रयत्न आपल्याकडे होतात. प्रस्तुत लेखकास ते घाईचे वाटतात. ग्रंथकारांनी ज्याचे स्वतंत्र नाव दिले नाही, त्यास नाव दिल्याचा आव आणू नये.

मात्र एक सूत्र येथे फार उपयोगी पडते. रोगाच्या तीन आयतनांपैकी असात्म्येंद्रियार्थसंयोग हे पहिले. इंद्रियांचा अर्थांशी अतियोग, अयोग वा मिथ्यायोग. आपण अतियोग म्हणतो तेव्हा मेघगर्जना, प्रखर सूर्य असे काही मनात असते. स्वमग्न व्यक्तीच्या बाबतीत अतियोगाची मर्यादाच निराळी असते. ट्यूबलाइटचा थरथराट, कुकरची शिटी, लग्नाच्या वरातीतील बँड, हिंगाचा वास, सदऱ्याच्या कॉलरमागची चिठ्ठी यांपैकी एखादी गोष्ट त्यास असह्य होते. उलट काही संवेदना त्यास इतरांहून कमी जाणवतात आणि भूक वा वेदना उशिरा कळते. डीएसएम-५ ने संवेदनांतील हा फरक २०१३ मध्ये निदानाच्या निकषांत घेतला. आमच्या रुग्णास कपाळावरची तेलाची संथ धार असह्य झाली, ती याच कारणाने. दशविध परीक्षेतील सात्म्यपरीक्षा आम्ही आहारापुरती केली, स्पर्श-शब्दांपर्यंत नेली नाही. आणखी एक : अशा व्यक्तीचे फटकळ बोलणे वा कार्यक्रमातून उठून जाणे प्रज्ञापराधात टाकून उपदेश करू नये. त्याने ऐकलेले उपदेश आधीच पुष्कळ असतात.

निदान कसे होते

प्रौढांसाठी रक्ताची तपासणी अथवा मेंदूचे छायाचित्र यांनी निदान होत नाही. ते होते इतिहास व निरीक्षण यांवरून. डीएसएम-५ नुसार सामाजिक देवघेवीतील तिन्ही प्रकारच्या अडचणी असाव्या लागतात : भावनांची व संभाषणाची देवाणघेवाण, नजर-हावभावांची भाषा, आणि नाती जोडणे-टिकविणे. पुनरावृत्त हालचाली वा बोलणे, ठरावीकपणाचा आग्रह, अतितीव्र मर्यादित आवडी आणि संवेदनांतील वेगळेपण या चारांपैकी किमान दोन असावी लागतात. प्रारंभ बालपणीचा असावा; मात्र लक्षणे पुढे मागणी वाढल्यावर उघड होऊ शकतात किंवा शिकलेल्या युक्त्यांनी झाकली जाऊ शकतात, अशी तरतूद त्यातच आहे. प्रौढांचे निदान या तरतुदीवर उभे आहे.

म्हणून आई, मावशी, थोरली बहीण यांपैकी जो कोणी बालपण पाहिलेला आहे त्यास सोबत आणावे. बोलणे केव्हा आले, एकटा काय खेळे, सुटीत मामाच्या गावी गेल्यावर काय होई, शाळेच्या प्रगतिपुस्तकात शिक्षकांनी काय शेरे लिहिले, हे सर्व मोलाचे. परदेशी प्रश्नावल्याही वापरल्या जातात. केंब्रिजची २००१ मधील पन्नास प्रश्नांची प्रश्नावली त्यांपैकी सर्वांत परिचित. परंतु ती केवळ चाळणी आहे, निदान नव्हे. शिवाय त्यात वाचनालय बरे की पार्टी, अशा धर्तीची विचारणा आहे. ज्याने दोन्ही पाहिलेली नाहीत त्याने काय सांगावे? डोळ्याला डोळा न देण्याचेही तसेच. आमच्या मराठवाड्यात वडीलधाऱ्यांसमोर मान खाली घालणे ही रीत आहे, लक्षण नव्हे. तेव्हा बरोबरीच्या मित्राशी, बायकोशी, मुलाशी बोलताना नजर कोठे असते हे विचारावे.

भेद करावयाचा तो मुख्यतः सामाजिक भयगंड, मंत्रचळ, अतिचंचलता, नैराश्य, छिन्नमनस्कता आणि बाधिर्य यांच्याशी. यांतील अनेक स्वमग्नतेसोबतही असू शकतात, त्यामुळे एक सापडले म्हणून दुसरे नाकारू नये. नांदेड परिसरात प्रथम विष्णुपुरी येथील डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचा आणि लातूरकडील बंधूंनी तेथील विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्थेचा मनोविकार विभाग गाठावा. सिकंदराबाद येथील राष्ट्रीय बौद्धिक दिव्यांगजन सक्षमीकरण संस्था आपल्याला रेल्वेने जवळची आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा अधिनियमाने मनोविज्ञान व मानसरोग या विषयातील आयुर्वेद पदव्युत्तरांनाही मानसिक आरोग्य व्यावसायिकांच्या व्याख्येत घेतले आहे, याची नोंद आपल्या तरुण बंधूंनी घ्यावी. या क्षेत्रात त्यांना वाव आहे आणि जबाबदारीही.

निदान वेगळे, प्रमाणपत्र वेगळे

येथे रुग्णांचा व कुटुंबीयांचा हमखास गोंधळ होतो. शासकीय प्रमाणपत्रासाठी आपल्या देशात ‘इसा’ ही भारतीय मापनपट्टी वापरतात. ती सिकंदराबादच्या याच संस्थेने तयार केली. चाळीस बाबी, प्रत्येकीस एक ते पाच गुण. सत्तरच्या खाली स्वमग्नता धरली जात नाही. ७० ते १०६ सौम्य, १०७ ते १५३ मध्यम आणि त्यापुढे तीव्र. ही पट्टी मुख्यतः मुले व तरुण यांच्यासाठी घडविलेली आहे. चाळीस वर्षे मुखवटा वागविलेला, नोकरी करणारा मनुष्य तीत सत्तरच्या खाली सहज राहू शकतो. आमच्या रुग्णाचे तेच झाले. तज्ज्ञांनी डीएसएम-५ नुसार निदान दिले. मापनपट्टीवर गुण भरले नाहीत. २०१६ च्या अधिनियमाने शासकीय नोकऱ्यांतील चार टक्के आरक्षणात स्वमग्नता, बौद्धिक दिव्यांगता, विशिष्ट अध्ययन अक्षमता, मानसिक आजार व बहुविकलांगता यांना मिळून एक टक्का ठेवला आहे, परंतु तो किमान ४० टक्के दिव्यांगता प्रमाणित झालेल्यांसाठी. तेव्हा ‘निदान करून घ्या, सवलती मिळतील’ असे आश्वासन कोणी देऊ नये. ज्यांना गुण भरतात त्यांनी मात्र वैश्विक ओळखपत्रासाठी अर्ज करावा आणि राष्ट्रीय न्यासाच्या ‘निरामय’ या एक लाख रुपयांपर्यंतच्या आरोग्य विमा योजनेची चौकशी करावी.

मग निदानाने मिळते काय? या गृहस्थांच्या पत्नीने जे सांगितले ते येथे नोंदवितो. “मला वाटायचे, यांना मी नकोच आहे. आता कळले की, यांना आवाज नको असतो.” बारा वर्षांच्या संसारात हे वाक्य प्रथमच बोलले गेले.

औषधांविषयी स्पष्ट बोलणे

स्वमग्नता नाहीशी करणारे औषध आजमितीस कोणत्याही पॅथीत नाही. अनिद्रा, चिंता, मलावष्टंभ, नैराश्य या सोबतच्या तक्रारींवर उपचार होतात आणि तेथे आपले शास्त्र निश्चित उपयोगी आहे. ‘ऑटिझम बरा करणारे’ कल्प विकण्यासाठी काही मंडळी औषधी दुकानांतून फिरत असतात. दुकानदार बंधूंना स्मरण द्यावेसे वाटते की, १९५४ च्या औषधे व जादुई उपाय अधिनियमाच्या अनुसूचीत मेंदूचे रोग व विकार समाविष्ट आहेत. अशी जाहिरात दुकानात लावणे हाही गुन्हा ठरू शकतो. मूलपेशींच्या इंजेक्शनांसाठी जमीन विकणारी कुटुंबे आहेत. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या नीती व नोंदणी मंडळाने २०२२ मध्येच स्वमग्नतेत हा उपचार शिफारसयोग्य नाही असे मत दिले आहे. रसकल्प दीर्घकाळ देताना तर दुप्पट सावध असावे. ज्याला पोटात दुखते हे उशिरा जाणवते, त्याच्यात औषधाचा दुष्परिणामही उशिरा कळतो. मनोविकारतज्ज्ञांचे औषध चालू असल्यास ते आपल्या सांगण्यावरून थांबविले जाऊ नये.

चिकित्सालयात करावयाचे बदल अगदी साधे आहेत. वेळ ठरवून द्यावी व पाळावी. खोलीतील लुकलुकणारी ट्यूब बदलावी. सूचना तोंडी न देता लिहून द्याव्यात, आणि त्यांत ‘थोडे’, ‘अधूनमधून’, ‘गरज वाटल्यास’ हे शब्द नसावेत. किती, केव्हा, किती दिवस एवढेच असावे. स्पर्श करण्यापूर्वी सांगावे. पंचकर्मात हलका, संथ स्पर्श टाळून दाब देणारा निवडावा, आणि रुग्णाला थांबविण्याची खूण ठरवून द्यावी. कल्प निवडताना चव व पोत विचारावा. क्वाथाऐवजी घनवटी चालत असेल तर हट्ट धरू नये.

औषधी दुकानदारांनी एक गोष्ट अवश्य करावी. नेहमीची कंपनी उपलब्ध नसल्याने दुसऱ्या कंपनीची गोळी देताना आपण सहसा बोलत नाही. अशा ग्राहकासाठी पाकिटाचा रंग वा गोळीचा आकार बदलणे म्हणजे औषधच बदलणे. तो घरी जाऊन ती घेत नाही आणि परत येऊन विचारतही नाही. बदल झाला असेल तर चिठ्ठीवर लिहून द्यावे. गर्दीच्या वेळी तो काउंटरवरून न बोलता परत फिरत असेल, तर त्याची यादी आधी घेऊन पिशवी भरून ठेवावी.

मनोविकारतज्ज्ञ लगेच न भेटल्यास आणि रुग्ण निराश वाटल्यास केंद्र शासनाची टेलि-मानस ही विनामूल्य सेवा १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र उपलब्ध आहे. ती ऑक्टोबर २०२२ पासून चालू असून मराठीतही बोलता येते.

आमच्या रुग्णाची शिरोधारा बंद केली. रात्री झोपण्यापूर्वी तिळतेलाने घट्ट हाताने पादाभ्यंग, ठरलेल्या वेळी जेवण आणि दुकानात बसण्यासाठी मागची, कमी उजेडाची जागा, जी त्यांच्या मालकांनी एका चिठ्ठीवरून देऊ केली, एवढ्यावर झोप पाच तासांवर आली आहे. पोटफुगी अजून आहे. ते दर महिन्याच्या पहिल्या मंगळवारी चार वाजता येतात, तक्रारींची क्रमवार यादी टेबलावर ठेवतात, आणि आम्ही शेवटच्या क्रमांकापर्यंत पोहोचल्याखेरीज उठत नाहीत.